दहावीनंतरचे विद्यार्थिजीवन (लातूर व नांदेड)

मराठवाड्यातील लातूर आणि नांदेड या शहरांत दरवर्षी जून-जुलै महिन्यांत आसपासच्या जिल्ह्यांतून दहावी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी अकरावीच्या प्रवेशासाठी येतात. त्यांतील बहुसंख्य विज्ञान शाखेत प्रवेश घेतात आणि वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची तयारी करतात. घर सोडून खोलीवर राहणे, मेसचे जेवण, शिक्षणाच्या माध्यमातील बदल आणि स्पर्धेचा ताण यांना हे विद्यार्थी वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी सामोरे जातात. इतरत्र ज्याला महाविद्यालयीन जीवनाची सुरुवात म्हटले जाते, ती येथे दोन वर्षे आधीच होते. नवागतांच्या स्वागताचे व मार्गदर्शनाचे शासकीय उपक्रम मात्र प्रामुख्याने बारावीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी आखलेले आहेत. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत नवख्या विद्यार्थ्याला आधार मिळतो तो मुख्यतः नातेवाईक, गावातील आधी आलेली मुले, घरमालक आणि वर्गशिक्षक यांच्याकडून.

पार्श्वभूमी

शिक्षणासाठी गाव सोडणे मराठवाड्याला नवे नाही. हैदराबाद संस्थानाच्या काळात मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय अत्यल्प होती आणि शालेय शिक्षण संपविणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा हैदराबाद गाठावे लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ साली झाली. त्याचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला विज्ञान, इतिहास किंवा कायदा परक्या भाषेत शिकावा लागे आणि शहरात राहण्या-जेवण्याची व्यवस्थाही स्वतःच पाहावी लागे. माध्यम बदलण्याचा हा अनुभव पुढील पिढ्यांनाही आला. केवळ उर्दूची जागा इंग्रजीने घेतली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामाची सांगता झाली. त्यानंतर दोनच वर्षांत, १९५० साली, नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले. ते चालविणाऱ्या नांदेड एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत स्वामी रामानंद तीर्थ यांचा पुढाकार होता. विचारवंत नरहर कुरुंदकर याच महाविद्यालयात प्राध्यापक व पुढे प्राचार्य होते. त्यांना स्वतःला विद्यार्थिदशेत हैदराबाद येथे इंटरमिजिएटच्या परीक्षेत अपयश आले होते. नांदेडमध्ये ही गोष्ट आजही अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना सांगितली जाते. १९५८ साली औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर प्रदेशात महाविद्यालयांची संख्या वाढू लागली. लातूरमध्ये दयानंद महाविद्यालय १९६१ साली आणि राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडजवळील विष्णुपुरी येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.

या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे त्यापूर्वी राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ज्या अध्यापनपद्धतीला पुढे ‘लातूर पॅटर्न’ असे नाव मिळाले, तिच्या घडणीत या महाविद्यालयाचा मोठा वाटा मानला जातो. नियमित तासांखेरीज जादा तास, वेळेआधी अभ्यासक्रम पूर्ण करणे, पुन्हापुन्हा सराव परीक्षा घेणे, तपासलेल्या उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती देऊन चुका दाखविणे आणि पालकांशी संपर्क ठेवणे ही तिची मुख्य अंगे होत. बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे झळकू लागल्यावर शहराकडे येणाऱ्यांचा ओघ वाढला. त्या काळी वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असल्याने बोर्डाची परीक्षा हेच एकमेव लक्ष्य होते. पुढे राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा आली. वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’ ही राष्ट्रीय परीक्षा प्रथम २०१३ साली झाली, न्यायालयीन निर्णयामुळे थांबली आणि २०१७ पासून राज्यातील शासकीय जागांसाठीही अनिवार्य ठरली. अध्यापनाचे केंद्र त्यामुळे महाविद्यालयाच्या वर्गातून खासगी शिकवणी वर्गांकडे सरकले. लातूरमधील उद्योग भवन परिसर आणि नांदेडमधील भाग्यनगर, श्यामनगर, बाबानगर हे भाग आज ‘ट्यूशन एरिया’ म्हणून ओळखले जातात.

वैद्यकीय जागांच्या वाटपातील ७०:३० हे प्रादेशिक सूत्र या शहरांत दीर्घकाळ असंतोषाचा विषय होते. या सूत्रानुसार ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी राखीव असत. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालये कमी असल्याने अधिक गुण मिळवूनही येथील विद्यार्थ्यांना प्रवेश नाकारला जातो, अशी पालकांची तक्रार होती. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने हे सूत्र रद्द केले.

प्रवेश आणि कागदपत्रे

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्याआधी लातूर-नांदेडमध्ये प्रवेश महाविद्यालयाच्या पातळीवर होत. ऑनलाइन पद्धतीत विद्यार्थ्याला महाविद्यालयांचा पसंतिक्रम भरावा लागतो. ज्या घरात यापूर्वी कोणी अकरावीला शहरात गेलेले नाही, तेथे हा अर्ज बहुधा गावातील किंवा तालुक्यातील सेवा केंद्रावर भरला जातो. पसंतिक्रमाचा अर्थ विद्यार्थ्याला समजण्यापूर्वीच अर्ज दाखल झालेला असणे ही नेहमीची अडचण आहे.

शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे गुणपत्रक, आधार कार्ड, जातीचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्र ही मुख्य कागदपत्रे होत. शाळेचा दाखला मूळ स्वरूपात महाविद्यालयाकडे जमा होतो. त्यामुळे त्याच्या सत्यप्रती आधीच काढून ठेवणे सोयीचे असते. दाखल्यावरील नाव, जन्मतारीख किंवा जात यांत चूक असल्यास ती दुरुस्त करण्याची योग्य जागा म्हणजे मूळ शाळा. हे बारावीनंतर लक्षात आले, तर ऐन प्रवेशफेरीच्या काळात गावी फेऱ्या माराव्या लागतात. जात वैधता प्रमाणपत्राबाबत हा उशीर अधिक महागात पडतो. व्यावसायिक अभ्यासक्रमातील राखीव जागेसाठी ते आवश्यक असते आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला त्याचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फतच जिल्हा जात पडताळणी समितीकडे करता येतो. वडील, आजोबा यांच्या शाळेच्या नोंदी, महसुली नोंदी असे जुने पुरावे त्यासाठी गोळा करावे लागतात. मराठवाड्यात यांतील अनेक नोंदी निजामकालीन व उर्दूत आहेत. त्यांचे भाषांतर करून घ्यावे लागते. अकरावीच्या वर्षातच हे काम हाती घेणाऱ्या कुटुंबांची धावपळ टळते.

शुल्क भरण्याचा काळ आणि शेतीचे वर्ष यांचा मेळ बसत नाही, ही या भागाची खास अडचण आहे. प्रवेश, शिकवणीचा पहिला हप्ता, खोलीचे डिपॉझिट आणि पुस्तके असा सर्व खर्च जून-जुलैत एकदम येतो. त्याच वेळी शेतकरी कुटुंबाचा पैसा बी-बियाणे आणि खतात गुंतलेला असतो. लातूर परिसराचे मुख्य नगदी पीक असलेले सोयाबीन बाजारात येते ते दसरा-दिवाळीच्या सुमारास. मधल्या चार महिन्यांसाठी उसनवारी, सोने गहाण ठेवणे किंवा हप्ते पाडून घेणे हे मार्ग वापरले जातात. हप्त्यांची बोलणी लेखी पावतीवर झालेली असणे आवश्यक असते, कारण विद्यार्थी मध्येच परतला तर वाद उरलेल्या रकमेवरच होतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, विद्यार्थ्याने मध्येच वर्ग सोडल्यास उर्वरित काळाचे शुल्क परत करावे असे म्हटले आहे. सोळा वर्षांखालील किंवा दहावीची परीक्षा न दिलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये आणि यशाची फसवी हमी देऊ नये, असेही त्यांत नमूद आहे.

खोली, मेस आणि पाणी

लातूर-नांदेडला येणारे विद्यार्थी साधारणपणे चार प्रकारे राहतात: संस्थेच्या वा शासकीय वसतिगृहात, खासगी वसतिगृहात, भाड्याच्या खोलीवर मित्रांसह, किंवा आईसोबत लहानशा घरात. शेवटचा प्रकार लातूरमध्ये विशेष आढळतो. वडील गावी शेती सांभाळतात आणि आई एक-दोन मुलांना घेऊन दोन-तीन वर्षे शहरात राहते. मुलींच्या बाबतीत अनेक कुटुंबे हाच मार्ग निवडतात. अशा घरातील मुलांना जेवणाची काळजी नसते, परंतु त्यांच्या अभ्यासासाठी आईने गावातील घर आणि शेतातील काम सोडलेले असते. त्याची जाणीव मुलाला सतत असते आणि काही वेळा तीच ताणाचे कारण ठरते.

खासगी खोल्या बहुधा ‘कॉट बेसिस’वर मिळतात. म्हणजे भाडे खोलीचे नसून एका खाटेचे असते. भाड्यात वीजबिल धरले आहे का, डिपॉझिट किती व ते केव्हा परत मिळेल, उन्हाळ्याच्या सुट्टीतील भाडे द्यावे लागेल का, आणि एखादा रूम पार्टनर मध्येच गेला तर त्याचा वाटा कोण भरणार, या चार गोष्टी सुरुवातीलाच ठरविल्या नाहीत तर पुढे कटकटी होतात. अकरावी-बारावीचा विद्यार्थी अज्ञान असल्याने करार पालकाच्या नावे करावा लागतो. खोली पाहताना पालकांचे लक्ष बहुधा शिकवणी वर्गाच्या अंतराकडे असते. पाणी, संडास-बाथरूमची संख्या आणि खिडकी यांकडे विद्यार्थ्यांचे लक्ष महिनाभराने जाते.

पाण्याचा प्रश्न लातूरमध्ये गौण नाही. शहराचा पाणीपुरवठा मुख्यतः मांजरा धरणावर अवलंबून आहे. धरण कोरडे पडल्याने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. गोदावरीकाठच्या नांदेडची स्थिती तुलनेने बरी असते. खोलीला बोअरचे पाणी आहे की टँकरचे, आणि पिण्यासाठी जार विकत घ्यावा लागतो का, ही चौकशी लातूरमध्ये भाड्याइतकीच महत्त्वाची ठरते. पहिल्या पावसाळ्यात नवखे विद्यार्थी पोटाच्या तक्रारींनी आजारी पडतात. त्यामागे अनेकदा साठवलेले पाणी आणि उघड्यावरचे खाणे असते.

मेसचा हिशेब महिन्यावर चालतो. एक वेळ किंवा दोन वेळ असे दर असतात आणि ठरावीक दिवसांपेक्षा अधिक काळ गावी गेल्यास ‘खाडे’ वजा होतात. रविवारी रात्री बहुतेक मेस बंद असतात. ज्वारीची भाकरी, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी यांवर वाढलेल्या मुलांना रोजची पोळी आणि पातळ वरण रुचायला वेळ लागतो. पूर्वी जवळच्या गावांतून एसटीने डबे येत. चालक-वाहकाच्या हाती दिलेला डबा बसस्थानकावर उतरवून घेतला जाई आणि रिकामा डबा परतीच्या गाडीने जाई. शहरांत मेस वाढल्यावर ही पद्धत विरळ झाली, पण गावाहून येणाऱ्या नातेवाइकाच्या हाती चटणी-लोणच्याची बरणी पाठविण्याची रीत टिकून आहे. नांदेडमध्ये तख्त सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा लंगर सर्वांसाठी खुला असल्याने, मेस बंद असलेल्या दिवशी तेथे जेवणारे विद्यार्थीही आढळतात.

घर जवळ असणे हा या दोन शहरांचा मोठा गुण मानला जातो. राजस्थानातील कोटा येथे विद्यार्थी देशभरातून येतात आणि घरी जाणे वर्षातून एक-दोनदाच शक्य होते. लातूर-नांदेडचे विद्यार्थी मात्र अहमदपूर, उदगीर, निलंगा, मुखेड, देगलूर, कंधार अशा ठिकाणांहून येतात आणि एसटीने काही तासांत घरी पोहोचतात. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीचे अर्धे तिकीट लागू आहे. त्यामुळे आईला अचानक भेटायला येणेही पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. किनवट-माहूर भागातील आदिवासी विद्यार्थ्यांना मात्र हा लाभ कमी मिळतो. त्यांचे अंतर अधिक असते आणि आश्रमशाळेच्या ठरीव दिनक्रमातून थेट मोकळ्या खोलीवर आल्यामुळे त्यांना होणारा बदलही मोठा असतो.

माध्यमाचा बदल

राज्य मंडळाच्या मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याला अकरावी विज्ञानात सर्वांत मोठा अडसर जाणवतो तो भाषेचा. दहावीपर्यंत ज्याने त्वरण, संवेग, अपवर्तन, संयुजा, सूत्री विभाजन हे शब्द वापरले, त्याला पहिल्याच आठवड्यात ॲक्सिलरेशन, मोमेंटम, रिफ्रॅक्शन, व्हॅलन्सी, मायटॉसिस असे शब्द ऐकू येतात. संकल्पना तीच असते, परंतु ती तीच आहे हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. दहावीला विज्ञानात नव्वदच्या पुढे गुण मिळविणारा विद्यार्थी पहिल्या सराव परीक्षेत मागे पडतो आणि आपल्याला विषयच येत नाही असा समज करून घेतो. पालकही तसेच समजतात. सेमी-इंग्रजी वर्गांतून आलेल्यांना शब्द ओळखीचे असतात, पण सलग इंग्रजी परिच्छेद वाचण्याचा सराव त्यांनाही थोडाच असतो.

यावर शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी स्वतःच काढलेले उपाय साधे आहेत. दहावीचे मराठी पाठ्यपुस्तक गावी न ठेवता सोबत आणणे, त्याच इयत्तेचे इंग्रजी पुस्तक मिळवून दोन्ही शेजारी ठेवून वाचणे, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत विषयवार शब्दांची वही करणे, असे त्यांचे स्वरूप असते. दोन्ही माध्यमांची पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि वर्ग जूनमध्ये सुरू होतात. ही वही करण्यास मधला उन्हाळा सर्वांत योग्य असतो, पण बहुतेक विद्यार्थी त्या काळात पुढच्या अभ्यासक्रमाच्या ‘फाउंडेशन’ वर्गांना जातात. वर्गात शिकविण्याची प्रत्यक्ष भाषा मात्र पूर्ण इंग्रजी नसते. फळ्यावर इंग्रजी आणि तोंडी मराठी अशी मिश्र पद्धत दोन्ही शहरांत रूढ आहे आणि बाहेरून येणाऱ्यांना या शहरांचे आकर्षण वाटण्याचे ते एक कारण आहे. देगलूर-बिलोलीकडील तेलुगू, उदगीर भागातील कन्नड आणि नांदेडमधील उर्दू भाषक विद्यार्थ्यांना मात्र हे तोंडी मराठीही दुसरी भाषा म्हणूनच ऐकावे लागते.

नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. २०१७ पासून ही सोय आहे. भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते आणि भाषांतरात संदिग्धता असल्यास इंग्रजी पाठ ग्राह्य धरला जातो. दोन वर्षे इंग्रजी संज्ञांतून अभ्यास केल्यावर परीक्षेपुरते मराठीकडे परतणे अवघड असल्याने या शहरांतील विद्यार्थी सहसा इंग्रजीच निवडतात.

अभ्यासाची रीत

शाळेत उत्तर लिहून गुण मिळतात, तर प्रवेशपरीक्षेत पर्याय निवडून. हा बदल वरवर लहान दिसतो. नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. अचूक उत्तरास ४ गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होतो. त्यामुळे न येणारा प्रश्न सोडून देणे हेही शिकावे लागते. ‘पेपर कोरा ठेवू नये’ ही शाळेने दहा वर्षे दिलेली शिकवण येथे नुकसान करते. अभियांत्रिकीसाठीच्या राज्य सीईटीत वजा गुण नसल्याने तेथे पुन्हा जुनी शिकवण लागू होते. नीटसाठी एनसीईआरटीची पुस्तके आणि बोर्डासाठी राज्य मंडळाची पुस्तके, असा दुहेरी अभ्यास बहुतेकांना करावा लागतो. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, सीईटी एप्रिल-मेमध्ये आणि नीट साधारणतः मेच्या पहिल्या रविवारी होते.

दिनक्रम पहाटे सुरू होतो. वर्ग, महाविद्यालय, पुन्हा वर्ग आणि रात्री अभ्यासिका असा तो असतो. अभ्यासिका म्हणजे मासिक शुल्क घेऊन टेबल-खुर्ची, वीज आणि शांतता पुरविणारी जागा. चार-पाच जणांच्या खोलीत अभ्यास होत नाही, या अनुभवातून त्यांची संख्या वाढली. दर आठवड्याला होणाऱ्या सराव परीक्षांचे गुण आणि क्रमांक फलकावर किंवा पालकांच्या मोबाइलवर येतात. पहिल्या काही परीक्षांतील क्रमांकावरून विद्यार्थ्याची तुकडी ठरविण्याची पद्धत अनेक वर्गांत आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी नेमका याच काळात भाषेशी झगडत असतो. पहिल्या सत्रातील क्रमांक त्यामुळे त्याच्या क्षमतेइतकाच त्याच्या माध्यमाचाही निदर्शक असतो. तुकडी पाडताना याचा विचार क्वचितच होतो.

या सगळ्यात महाविद्यालय मागे पडते. काही विद्यार्थी प्रवेश एका ठिकाणी घेतात आणि दिवसभर वर्गातच असतात. बोर्डाच्या नियमाप्रमाणे ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असली, तरी ती कागदावर पूर्ण होते. हा प्रकार राज्यभर आढळल्याने २०१८ साली शासनाने काही विभागांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या विषयांत ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. प्रयोगवही पूर्ण असली की ते मिळतात, या समजुतीमुळे प्रयोगशाळेत हाताने काम न करताच बारावी होणारे विद्यार्थी आढळतात. त्याची किंमत त्यांना पदवीच्या पहिल्या वर्षी मोजावी लागते.

ताण, एकटेपणा आणि पुन्हा प्रयत्न

पहिल्या महिन्यात घरची आठवण येणे, झोप व भूक बिघडणे हे सर्वसामान्य आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत ते दिवाळीपर्यंत ओसरते. अनुभवी वसतिगृहप्रमुख सलग सुट्ट्या टाळण्याऐवजी ठरावीक दिवशी घरी जाऊ देतात आणि रोजचा फोन एका वेळेला बांधतात. फोनवर केवळ गुण विचारले जात असतील, तर मूल फोन टाळू लागते, असे निरीक्षण त्यांच्याकडून वारंवार नोंदविले जाते. वर्गाला दांडी मारणे, खोलीतून बाहेर न पडणे, सराव परीक्षेचे गुण लपविणे, मेसमध्ये न जाणे ही काळजीची चिन्हे होत. ती पालकांपूर्वी रूम पार्टनरला दिसतात. मैत्रीत चुगली करू नये या भावनेने तो गप्प राहतो. म्हणून प्रवेशाच्या वेळीच पालकांनी खोलीतील इतर मुलांशी व त्यांच्या घरच्यांशी ओळख करून घेणे उपयोगी ठरते.

केंद्र शासनाची टेली-मानस ही मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था यांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी दिलेल्या निर्देशांत शिकवणी वर्ग आणि वसतिगृहांचाही समावेश केला. गुणांनुसार तुकड्या पाडणे आणि विद्यार्थ्यांना चारचौघांत लाजविणे टाळावे, असे त्यांत सांगितले आहे.

अपेक्षित गुण न मिळाल्यास पुन्हा वर्षभर तयारी करणाऱ्यास ‘रिपीटर’ म्हणतात. हा शब्द दोन्ही शहरांत अपमानाचा राहिलेला नाही. रिपीटरांच्या स्वतंत्र तुकड्या असतात आणि दुसऱ्या प्रयत्नात यश मिळविणारे अनेक असतात. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही. यामुळे थांबायचे कधी, हा निर्णय कुटुंबावर येतो आणि तो बहुधा पुढे ढकलला जातो. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नापर्यंत गेलेल्या विद्यार्थ्याचे बरोबरीचे मित्र पदवीच्या अखेरच्या वर्षाला पोहोचलेले असतात. पुन्हा प्रयत्न करतानाच बी.एस्सी., कृषी, औषधनिर्माण किंवा नर्सिंग यांपैकी एखादा पर्याय ठरवून ठेवणाऱ्यांना हा पेच कमी जाणवतो. शिक्षणात खंड पडल्यास पुढील प्रवेशावेळी खंडाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

बारावीनंतर

पदवीच्या प्रथम वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. एमबीबीएसच्या आरंभी २०१९ पासून फाउंडेशन कोर्स घेतला जातो आणि त्यात भाषा व संगणक कौशल्यांचाही समावेश असतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांतही परिचयवर्ग होतात. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली झाला. त्यानुसार दोषी व्यक्तीस दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार विद्यार्थी व पालक या दोघांना दरवर्षी हमीपत्र द्यावे लागते. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांतून आलेल्यांना पहिल्या वर्षी वेगळीच अडचण येते. दोन वर्षे त्यांचा प्रत्येक तास कोणीतरी आखून दिलेला असतो. टिपणे तयार मिळतात, कोणता धडा किती वेळा वाचायचा हेही सांगितले जाते. पदवीला गेल्यावर ग्रंथालयातून पुस्तक निवडणे, स्वतः टिपणे काढणे आणि दीर्घ उत्तर लिहिणे यांची सवय नसते. त्यामुळे प्रवेशपरीक्षेत चांगले गुण मिळविलेले विद्यार्थीही पहिल्या सत्रात मागे पडतात. याउलट तालुक्याच्या महाविद्यालयात राहून कला किंवा वाणिज्य शाखेत गेलेल्यांना या दोन वर्षांचा अनुभवच नसतो. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत त्यांची संख्या मोठी आहे. ते घरून ये-जा करतात, शेतीच्या हंगामात अनुपस्थित राहतात आणि महाविद्यालयीन जीवनाशी त्यांची ओळख परीक्षेपुरतीच होते. त्यांच्याविषयीचे लेखन फारच थोडे आहे.

आर्थिक साहाय्य

बहुतेक शासकीय शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात. त्यासाठी बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून निवास व भोजनासाठी रक्कम मिळते. ती अकरावीपासून लागू आहे, पण विद्यार्थी त्या शहराचा स्थानिक रहिवासी नसावा अशी अट आहे. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहेत. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळू शकतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. यांतील बहुतेक रकमा वर्षाच्या उत्तरार्धात खात्यावर जमा होतात. खोलीचे भाडे मात्र पहिल्या महिन्यापासून द्यावे लागते.

टीका

लातूर पॅटर्नवर पाठांतराला उत्तेजन देणे, विज्ञानाखेरीज इतर शाखांना गौण लेखणे आणि शिक्षणाचे व्यापारीकरण असे आक्षेप घेतले जातात. २०२४ च्या नीट परीक्षेतील गैरप्रकारांच्या तपासात लातूरमध्येही अटक झाल्याने शहराच्या शैक्षणिक प्रतिमेवर राज्यभर चर्चा झाली. समर्थकांच्या मते, मागास समजल्या जाणाऱ्या प्रदेशातील शेतकरी-मजुरांच्या मुलांना वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत पोहोचविणारा दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता. दोन्ही बाजूंचा वाद मुख्यतः निकालाभोवती फिरतो. यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे शहरांतील चौकाचौकांत फलकांवर लागतात. प्रवेश न मिळालेले किती विद्यार्थी कोठे गेले आणि त्यांनी पुढे काय केले, याची नोंद ठेवण्याची पद्धत मात्र रूढ झालेली नाही.